टाको म्हणजे नुसतं चीज नव्हे

मा. संपादक,
आपल्या सोलापुरातल्या कॅफेंमध्येपण आता टाको (सारण भरून दुमडलेली मक्याची पोळी) नि नाचोज (मक्याचे कुरकुरीत तुकडे) मिळायला लागलेत, पोरं आवडीनं खातात, खाऊ देत की. पण कुरकुरीत टाकोत पिवळं चीज कोंबून त्यालाच मेक्सिकन म्हणायचं हे काय पटत नाही बघा, ते सगळं अमेरिकेच्या वळणाचं. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजवतात, मग धुऊन वाटून त्याच्या मऊ टॉर्टिया, म्हणजे पातळ भाकऱ्या, तव्यावर भाजतात, चुन्यानं साल सुटतं, पिठाचा गोळा धरून येतो, कॅल्शियम वाढतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगाला लागतं. हजारो वर्षांची रीत आहे, २०१० साली युनेस्कोनं ही खाद्यसंस्कृती वारसा यादीत घेतली ती उगीच नाही. युरोपात मका गेला पण ही चुन्याची अक्कल गेली नाही, मग नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गोरगरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिन कमी पडून होणारा आजार, झाला. आणि हो, आपल्या शेंगा चटणीतली मिरचीपण मूळची मेक्सिकोकडचीच, पोर्तुगीजांनी आणलेली. तेव्हा कॅफेवाल्यांनी चीज जरा आवरून ताज्या मक्याच्या टॉर्टिया ठेवाव्यात, भाकरी थापणारे हात इथं कमी आहेत का? फक्त पीठ चुन्यात शिजवलेल्या मक्याचं घ्या, साध्या पिठाच्या तुटतात.

– एक खवय्या, सोलापूर