ते बांडगूळ नव्हे, सीतेची वेणी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या अंकात शेवटच्या पानावर एक देखणा फोटो होता. आंब्याच्या खोडावरून लोंबणारे गुलाबी-जांभळे तुरे, आणि खाली ओळ : 'झाडावर बहरलेले बांडगूळ'. अहो, ती सीतेची वेणी! आमरीची एक जात. शहरात ऑर्किड म्हणतात त्यातली. एका ओळीसाठी कशाला पत्र, म्हणून दोन दिवस गप्प बसले. पण याच चुकीपायी पाच वर्षांपूर्वी माझ्या हातून जे झालं ते काही डोक्यातून जाईना.

कुडाळ तालुक्यात आमची हापूसची पन्नासेक कलमं आहेत आणि खळ्याच्या कडेला एक जुना रायवळ. कलमांवर बांडगुळं फार माजली होती. गड्याला म्हटलं, "सगळी बांडगुळं काढून टाक." त्याने इमानेइतबारे काढली. दुपारी चहा घेऊन गेले तर रायवळाखाली टोपलीभर आमरी ओरबाडून पडलेली. सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासूनची ती. गड्याला काय बोलणार? 'सगळी' हा शब्द माझाच होता.

बांडगूळ फांदीच्या आत मुळं घुसवतं आणि तिचा रस पितं. त्याची चिकट फळं फुलटोचे खातात, बी दुसऱ्या फांदीला पुसतात, की तिथे नवीन तयार. ते काढायलाच हवं, आणि नुसतं ओरबाडून भागत नाही, फांदी खालून छाटावी लागते. आयतखाऊ माणसाला आपण उगाच बांडगूळ म्हणत नाही. आमरी मात्र झाडाचं काहीच खात नाही. तिला उजेडात टेकायला जागा हवी, बस्स. तिची जाड मुळं सालीवरून बाहेरूनच फिरतात. कोरडी असली की राखाडी-पांढरी दिसतात. ओंजळभर पाणी मारा, बघता बघता हिरवी होतात. तो पांढरा थर स्पंजासारखा पाणी धरतो. झाडावर चढणाऱ्याला एवढी एक खूण शिकवली तरी पुष्कळ वाचेल.

आणि ते फूल! तुरा हातभर लांब, त्यात शंभरावर फुलं, एकाला एक खेटून. प्रत्येक फूल नखाएवढं, पांढरं, त्यावर जांभळे शिंतोडे, आणि पुढे जांभळ्या रंगाची एक पाकळी, माशीने येऊन बसावं अशी. मध्ये पक्ष्याच्या चोचीसारखं टोक असतं. झाडूचा हीर घेऊन त्या चोचीला हळूच लावा. इवलीशी टोपी निघते आणि हिराच्या टोकाला दोन पिवळे मणी चिकटून येतात. सगळा पराग त्या दोन मण्यांत बांधलेला. इतर फुलांसारखी धूळ उडवायचा प्रकार नाही. व्हॅनिला हीसुद्धा आमरीचीच बहीण. पोफळीच्या बागेत ज्यांनी ती लावून पाहिली त्यांना ठाऊक असेल, सकाळी फूल उमललं की काडी घेऊन एकेक फळवावं लागतं. ही युक्ती १८४१ साली रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काढली. जगभरचं आइस्क्रीम त्या पोराच्या बोटांवर उभं आहे.

बी म्हणाल तर नुसती भुकटी. आत शिदोरी म्हणून काही नसते, त्यामुळे सालीवरची ठरावीक बुरशी भेटली तरच ते रुजतं. मग फुलावर यायला आणखी काही वर्षं. म्हणून टोपलीभर आमरी म्हणजे किती वर्षं खाली पडली, याचा हिशोब मी करत बसले नाही.

सगळ्या आमरी झाडावरच असतात असंही नाही. माझं माहेर देवगडचं. तिथे पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, जमिनीला चिकटलेलं एकच पान आणि वर एक पांढरं फूल अशी हबेनारिया उगवते. लहानपणी आम्ही ती न तुडवता चालायची पैज लावायचो. आता त्या सड्याच्या निम्म्या भागात चिऱ्याची खाण आहे. महाराष्ट्रात आमरीच्या शंभरावर जाती आहेत. आसामात तर हीच सीतेची वेणी राज्यफूल आहे. तिथे ती कपौ फूल, बिहू नाचणाऱ्या मुली केसांत माळतात. आपण फोटोखाली बांडगूळ लिहितो.

सून मुंबईहून दुकानातलं ऑर्किड घेऊन आली होती. सुंदर होतं, खोटं का बोलू. मी हौसेने मातीत लावलं आणि महिन्यात कुजवलं. पुढच्या वेळी नारळाच्या सोडणात कोळसा घालून लावलं, ते जगलं आहे. पण म्हणून रानातली आमरी उपटून कुंडीत आणायची नाही, आणि बाजारात कुणी विकत असेल तर घ्यायची नाही.

रस्ता रुंद करताना झाडं पडतातच, त्यावर मी काही म्हणत नाही. पण ओंडके ट्रकात चढण्याआधी त्यांवरची आमरी सोडवून शेजारच्या झाडाला बांधायला दोन माणसांना एक सकाळ पुरते. हे मी केलेलं आहे म्हणून सांगते. त्या टोपलीतल्या सात जुड्या मी सुंभाने फणसाला बांधल्या, पावसापर्यंत रोज संध्याकाळी पाणी मारलं. तीन गेल्या. चार धरल्या, सुंभ कुजून पडला तोवर मुळांनी साल पकडली होती. या मे महिन्यात त्यातल्या एकीला तुरा आला. फोटो सोबत पाठवत आहे. छापलात तर खाली नाव तेवढं नीट घालावं.

आपली,
एक बागायतदारीण, ता. कुडाळ