बुडाखालची निळी अक्षरं

ड्रेस्डेन, रविवार

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर घेतलेल्या पोर्सिलेनच्या, म्हणजे उंची चिनी मातीच्या, बाटल्यांच्या जोडीचे फोटो पाहिले. सुंदर आहेत, यात वाद नाही. पण ‘बुडाला निळं ए आर आहे, म्हणजे ऑगस्टस रेक्स, म्हणजे अस्सल मिसेन, तीनशे वर्षांचं’ असं लिहून तू लगेच बँकेच्या लॉकरची चौकशी केलीस! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

ए आर ही खूण खरीच आहे; ऑगस्टस रेक्स म्हणजे लॅटिनमध्ये ‘राजा ऑगस्ट’. सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा बलाढ्य ऑगस्ट याने १७१० साली मिसेन गावी पोर्सिलेनचा कारखाना काढला आणि १७२० च्या दशकापासून राजवाड्यासाठी केलेल्या फुलदाण्यांवर ही अक्षरं येऊ लागली. बाकीच्या मालावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी. पण माझी नजर अक्षरांवर नाही, चित्रांवर अडकली. तुझ्या बाटल्यांचे उभे कप्पे आहेत: एकात पिवळ्या जमिनीवर फुलं, पुढच्यात पांढऱ्यावर बागेत बसलेलं जोडपं, पुन्हा फुलं, पुन्हा जोडपं. ही जोडपी वातो या फ्रेंच चित्रकाराच्या धाटणीची. मिसेनमध्ये त्यांची चलती झाली ती १७४० च्या दशकात, आणि ऑगस्ट तर १७३३ सालीच वारला. त्याच्या मुलाच्या काळातही ए आर वापरलं गेलं, त्यामुळे एवढ्यावरच निकाल देता येत नाही. तरी संशयाला जागा भरपूर आहे.

आणि ही कप्प्यांची रचना बघितल्याबरोबर इथल्या कुणाही जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याच्या तोंडी एकच नाव येईल: हेलेना वोल्फसोन. एकोणिसाव्या शतकात ड्रेस्डेनमध्ये या बाईंचा रंगकामाचा कारखाना होता. कोरं पांढरं पोर्सिलेन विकत घ्यायचं, ते आपल्या चित्रकारांकडून रंगवून घ्यायचं आणि विकायचं. बुडाला चक्क ए आर! मिसेनने शेवटी त्यांना कोर्टात खेचलं आणि १८८० च्या सुमारास ही अक्षरं बंद करायला लावली. मग त्यांनी मुकुटाखाली ‘डी’ हे अक्षर घातलं. धंदेवाईक बाई, पण माल देखणा. मला विचारशील तर थोडी लबाडी असूनही त्यांचं काम आवडतं.

ड्रेस्डेन आणि मिसेन यांचा लोक जो घोळ घालतात त्याचं मूळ इथेच आहे. मिसेन हा एक कारखाना, इथून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर. ड्रेस्डेनमध्ये मात्र रंगकाम करणारे अनेक होते. १८८३ साली त्यांच्यातल्या चौघांनी मिळून मुकुट आणि ‘ड्रेस्डेन’ ही एकच खूण नोंदवली, म्हणजे ती दिसली तरी नेमका कोण हे कळायचं नाहीच.

खूण ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थराच्या, खाली आहे का, हे नख फिरवून बघ. खाली असली तर एवढंच कळतं की ती ग्लेझ चढवायच्या आधी पांढऱ्या भांड्यावर काढली गेली; चित्रं कुणी काढली याचा त्यात पत्ता नाही. बुडाच्या कडेवरची झीजही भिंगातून बघ. खऱ्या वापराचे ओरखडे वेडेवाकडे, कमी-जास्त असतात. सगळीकडे सारखाच मळकट रंग दिसला तर कुणीतरी चहाच्या पाण्याने वय वाढवलंय. ‘जर्मनी’ हा शब्द कुठे छापलाय का? असेल तर माल बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेने त्या वर्षापासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. नसेल तर त्यावरून काहीच ठरवू नकोस.

मला तू दिलेले पैसे जास्त वाटत नाहीत. वोल्फसोनची जोडी निघाली तरी कपाटात ठेवायला छान आहे, लॉकरात कशाला कोंडतोस?

आता बुडाचे फोटो पुन्हा पाठव, खिडकीशी तिरक्या उजेडात, फ्लॅश न मारता. गळ्याची आतली कडही घे. आणि बुचं डुगडुगतात का ते बघ. जुन्या बाटल्यांची बुचं फुटतात आणि लोक दुसऱ्याची घालून देतात. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीपाद