तोडीला गेलेली बाई कुठल्या रकान्यात?

महोदय,
स्त्री-पुरुष आकडेवारी कशी गोळा करायची याचं ट्रेनिंग मी मागे केलं. शिकवणारे चांगले होते, पण उदाहरणं सगळी शहरातली, पगार, ऑफिस, पाळणाघर वगैरे. आमच्या बीडकडं दिवाळीच्या आसपास गावंच्या गावं ऊसतोडीला जातात, तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांचा एकच जोड, धरतात, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, बहुतेक नवऱ्याच्याच हातात पडते आणि बाईची मजुरी वेगळी अशी कुठं लिहिलीच जात नाही. मग फॉर्ममध्ये तिच्यापुढं काय लिहायचं, मजूर की 'घरकाम'? घरच्यांना विचारलं तर म्हणतात ती काय करत नाही, आणि ती बिचारी पहाटे भाकरी थापून दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते! प्रश्न कसा विचारला की हे काम बाहेर येईल हेच तर शिकवायला पाहिजे होतं.

२०२४ च्या केंद्राच्या टाइम यूज सर्व्हेत, म्हणजे लोकांचा दिवसभराचा वेळ कुठं जातो याच्या पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्यांपैकी बायकांचे त्यात दिवसाला २८९ मिनिटं आणि पुरुषांचे ८८ मिनिटं जातात असं आलंय. हा देशाचा आकडा झाला, पण गडचिरोलीत मोहफुलं वेचणारी, कोकणात मासळी सुकवणारी, आमच्याकडची तोडणीवाली, या सगळ्यांचं काम एकाच छापील उदाहरणात कसं बसणार?

माझी कळकळीची विनंती, ट्रेनिंगमधला निदान एक दिवस तालुक्याच्या ठिकाणी ठेवा, तिथल्याच बायकांना बोलवा, 'काम करता का' असं न विचारता 'काल उठल्यापासून काय काय केलं' असं विचारून बघा.

– एक वाचक, जि. बीड