ब्रेक ऑइल बदलल्याचं बिल घेतलं, ऑइल बदललं नाही

प्रति,
व्यवस्थापक,
(वर्कशॉपचं नाव पाकिटावर आहे)
छत्रपती संभाजीनगर

विषय: जॉब कार्डावर टिक केलेलं काम प्रत्यक्षात न झाल्याबाबत, आणि तुमच्या ई-मेलमधल्या उत्तराबाबत

महोदय,

तुमचं उत्तर मिळालं. शर्यतीच्या ट्रॅकवर वापरलेल्या गाडीला वॉरंटी लागू होत नाही, तरी सदिच्छा म्हणून पुढच्या सर्व्हिसवर १५ टक्के सवलत देऊ, असं तुम्ही लिहिलंय. मी वॉरंटी मागितलीच नव्हती. ब्रेक ऑइल बदलायचे ६,८०० रुपये तुम्ही घेतले आणि ऑइल बदललं नाही, एवढीच तक्रार आहे. पहिला मेल मी रागात लिहिला होता, त्यात ही गोष्ट हरवली असेल. आता सावकाश लिहितो.

गाडी २०१२ ची ऑडी टीटी, दोन लिटर टर्बो. २०२१ मध्ये हैदराबादहून घेतली, मी तिसरा मालक. लातुरात हिला लोक हसतात आणि बरोबरच हसतात. दोन दारं, मागच्या सीटवर सोयाबीनचा एक कट्टा धड बसत नाही, आणि गल्लीतला प्रत्येक गतिरोधक तिरकी घेऊन ओलांडावा लागतो. तुमच्या शहराला असल्या गाड्यांचं अप्रूप नाही. २०१० च्या ऑक्टोबरात तिथं एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या गेल्या, आणि शेंद्र्याला तर ऑडीची जोडणी होते (माझी मात्र हंगेरीतल्या ग्योरची). तिथल्या माणसांना अशा गाडीचं काम शिकवावं लागणार नाही, या भरवशावर मी अख्खा बीड जिल्हा ओलांडून तुमच्याकडे आलो.

आलो तेव्हा काउंटरवर पहिलंच वाक्य बोललो होतो की गाडी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर न्यायची आहे, आयुष्यातला पहिला ट्रॅक डे (आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस) आहे, त्या हिशेबाने तयार करा. जॉब कार्डावर तुमच्याच माणसाच्या अक्षरात 'ट्रॅक डे प्रिपरेशन' असं लिहिलंय. त्यामुळे ट्रॅकवर नेल्याचं आता आश्चर्य दाखवू नये.

जे चांगलं केलं तेही सांगतो. मागचे टायर दिसायला नवे होते, पण बाजूवरचा आकडा ०८१७ होता, म्हणजे २०१७ चा आठवडा आठवा. तुमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने तो वाचून दाखवला आणि हे टायर घालून जाऊ नका म्हणाला. मी बदलले. अलाइनमेंट उत्तम झाली. चाकांचे बोल्ट टॉर्क पान्याने आवळलेले होते, मी परत तपासले. त्या मुलाबद्दल तक्रार नाही.

ब्रेकचं काम घेणारे तुमचे ॲडव्हायझर वेगळे. ते म्हणाले, "डॉट पाच टाकून देतो, एकदम रेसिंगचं." (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत.) मी म्हटलं, साहेब, डॉट ५ सिलिकॉनचं असतं, या गाडीला चालत नाही, तुम्हाला ५.१ म्हणायचंय का? "तेच, तेच." मी तिथंच सावध व्हायला हवं होतं. गाडी ताब्यात देताना त्यांनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल दाखवलं. फिकट, स्वच्छ, करडईच्या तेलासारखं. मी खूश होऊन पैसे दिले.

लातूरहून ट्रॅकपर्यंत नऊशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडलं आणि वाटेत ब्रेकने कसलाच त्रास दिला नाही. द्यायचं कारणही नव्हतं, महामार्गावर ब्रेक कितीसा तापतो? ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा, १२ वळणांचा. सकाळी झेंडे समजावून सांगितले. पिवळा दिसला तर ओव्हरटेक नाही, लाल दिसला तर सत्र थांबलं, निळा दिसला तर मागच्या वेगवान गाडीला वाट द्यायची. शेवटचा राउंड सावकाश मारायचा आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायच्या जागी, आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, कारण तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवू नयेत. मी त्यासाठी घरून वीट नेली होती, चाकाखाली लावायला. बाकीच्यांनी तिचे फोटो काढले.

पहिल्याच सत्रात चौथ्या राउंडला सरळ पट्टा संपता संपता ताशी १६० च्या आसपास असताना ब्रेक दाबला आणि पॅडल तळाला गेलं. पावलाखाली काहीच लागेना, मऊ, रिकामं. परत दाबलं, थोडं धरलं. तिसऱ्यांदा आणखी थोडं. तोवर डांबर संपून मी गवतात शिरलो होतो. गाडी थांबली, कशाला धडकली नाही. मार्शल पिवळा झेंडा हलवत होता, आणि तो माझ्यासाठी आहे हे कळायला मला दोन सेकंद लागले. विम्याचं म्हणाल, तर शर्यत आणि वेगचाचणी मोटार पॉलिसीत वगळलेली असते. काही मोडलं असतं तर खर्च माझ्याच बोकांडी बसला असता. हे मला आधीच माहीत होतं आणि तो धोका मी पत्करला होता. मी पत्करला नव्हता तो धोका तुमच्या बिलातला.

पिटमध्ये शेजारच्या टीमचे एक जुने मेकॅनिक होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, पॅडल कडक होतं की मऊ? पॅड तापून निकामी झाले तर पॅडल कडक राहतं, नुसती गाडी थांबत नाही. पॅडल मऊ पडून तळाला गेलं, म्हणजे ऑइल उकळून नळीत वाफेचे बुडबुडे झाले. वाफ दाबली जाते, पातळ ऑइल दाबलं जात नाही. त्यांनी चाक काढून कॅलिपरवरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ब्लीडिंगचा, म्हणजे जुनं ऑइल बाहेर काढायचा, निपल दाखवला. त्यावरची रबरी टोपी सुकलेल्या काळ्या चिखलाने जागीच चिकटलेली होती. ती न काढता आणि निपल न उघडता कॅलिपरमधलं ऑइल बदलताच येत नाही. चारही चाकांवर तेच. हात लावण्याआधी मी चारही फोटो काढले, सोबत जोडलेत. निपल उघडल्यावर जे आलं त्याचा रंग टपरीवरच्या तिसऱ्यांदा उकळलेल्या चहाचा होता. ओलावा तपासायचं पेन बुडवलं तर चार टक्क्यांच्या वरचा लाल दिवा लागला. ते पेन म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, मान्य. पण टाकीतल्या फिकट ऑइलमध्ये बुडवल्यावर तोच दिवा लागला नाही.

म्हणजे तुमच्याकडे काय झालं असेल ते मला दिसतंय. वरच्या टाकीतलं जुनं ओढून काढलं, नवं ओतलं, झाकण लावलं. नळ्यांत आणि कॅलिपरमध्ये, जिथं खरी उष्णता असते, तिथं जुनंच राहिलं. महोदय, माझी आडत आहे. पोत्याच्या तोंडाशी निवडक माल आणि खाली ओला भरलेला असला तर आम्ही पोत्यात खालून टोकदार नळी खुपसून नमुना काढतो. ही युक्ती मला नवी नाही. नवं एवढंच की या वेळी पोतं माझ्या पायाखाली होतं.

ओलाव्याचा हिशेबही सांगतो. सोयाबीनला आमच्याकडे १२ टक्क्यांच्या वर ओलावा दिसला की भाव तुटतो. ब्रेक ऑइल तर याहून नाजूक, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. माझ्यासकट गाडी साधारण १४५० किलोची. १६० वरून ७० वर एकदा आणली तरी जेवढी उष्णता निघते तेवढ्यात नळाचं जवळजवळ ४ लिटर पाणी उकळीला येईल. हे दर राउंडला कितीतरी वेळा. ओलं ऑइल त्यात टिकणार नव्हतंच.

तुम्ही लिहिलंय की नवखे चालक ब्रेकवर पाय ठेवून बसतात, त्यामुळे असं होतं. अर्धं खरं आहे. सकाळी मी वळणाच्या फार आधीपासून, हळू हळू, लांबवत ब्रेक दाबत होतो. उशिरा, जोरात आणि थोडा वेळ दाबायचा असतो हे दुपारी शिकलो. पण दुपारची गोष्ट तुम्ही मेलमधून गाळलीत. त्या मेकॅनिकनी नवं डॉट ५.१ आणवून चारही चाकांतून पूर्ण ब्लीडिंग केलं, ऑइल आणि मजुरी मिळून ४,२०० रुपये. पॅड तेच, डिस्क त्याच, चालक तोच नवखा, ऊन सकाळपेक्षा जास्त. पुढची दोन सत्रं मी पूर्ण केली, वेगही वाढवला, आणि पॅडल शेवटपर्यंत टणक राहिलं. गाडीत बदललं होतं फक्त ऑइल.

या प्रकरणात मला ट्रॅकपेक्षा जास्त खुपतं ते वेगळंच. तिथं गवत होतं, मार्शल होता, डोक्यावर हेल्मेट होतं. तुमच्या दाराशी येणारे बहुतेक लोक ट्रॅकवर जात नाहीत, ते भरलेली गाडी घेऊन कन्नडचा औट्रम घाट उतरतात, गिअर वरचा ठेवून, सारखा ब्रेक दाबत. ओलं ऑइल तिथंही उकळतं. माझं काम झालं त्याच महिन्यात त्याच ॲडव्हायझरच्या हातून ज्यांनी ज्यांनी ब्रेक ऑइलचे पैसे भरलेत त्यांना बोलावून निपल तपासा. माझी पहिली मागणी ही आहे आणि तिच्यात पैशाचा संबंध नाही.

बाकी तुमचे ६,८०० आणि ट्रॅकवरचे ४,२००, मिळून ११,००० रुपये परत हवेत. सवलतीचं कूपन नको. आणि जॉब कार्डावर 'पूर्ण' अशी टिक कोणी केली, कशाच्या आधारावर केली, याचं सही-शिक्क्यानिशी लेखी उत्तर हवं.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट बघेन. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. संभाजीनगरला खेटे घालायला लावू असं कोणी तुम्हाला सांगत असेल तर, २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे लातूरला, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.

काढलेलं जुनं ऑइल काचेच्या बाटलीत भरून, बूच मेणाने बंद करून दुकानात ठेवलंय, ओलावा मोजायच्या यंत्राशेजारी. कोणाला पाठवून बघायचं असेल तर दुपारचा सौदा उरकल्यावर पाठवा, सकाळी मला उसंत नसते. येणाऱ्याने जॉब कार्डाची मूळ प्रत सोबत आणावी, माझ्याकडची झेरॉक्स आहे.

आपला,
एक ग्राहक, लातूर
(नाव आणि फोन जॉब कार्डावर आहे)

सोबत: बिलाची प्रत, जॉब कार्डाची झेरॉक्स, चार निपलचे फोटो, ट्रॅकवरच्या ऑइलची पावती