मान बघायला सांगितली, कंबर बघितली

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग
(सिंहगड रस्ता शाखेबाबत)

विषय : चिठ्ठीवर लिहिलेला भाग सोडून दुसऱ्याच भागाचा एमआरआय काढल्याबद्दल

महोदय,

माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. गेल्या दिवाळीपर्यंत रोज पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून, देवदेवेश्वराला नमस्कार करून सातच्या चहाला घरी हजर असायचे. दिवाळीनंतर पायातली चप्पल निसटून मागे राहू लागली आणि ते त्यांना रस्त्यावरचे लोक सांगू लागले. "गादीवर चालतोय असं वाटतं," म्हणायचे. बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायचा. दोनदा नळ धरून सावरले, तिसऱ्यांदा आरसा फुटला.

न्यूरोलॉजिस्टनी ट्यूनिंग फोर्क वाजवून बाबांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. बाबा म्हणाले, "थांबला." डॉक्टरांनी तोच लगेच माझ्या मनगटावर ठेवला, तर चांगला थरथरत होता. मज्जारज्जूच्या मागच्या भागातून ही जाणीव वर मेंदूकडे जाते, तिथेच बिघाड दिसतो, असे ते म्हणाले. बाबा शाकाहारी, बारा वर्षे मेटफॉर्मिन चालू, वर रोजची ॲसिडिटीची गोळी. म्हणजे बी-१२ घटायला तिन्ही वाटा मोकळ्या. पण रक्तातला आकडा २३६ आला, छापलेल्या मर्यादेत पण अगदी काठावर. शिवाय मानेत मज्जारज्जूवर दाब आला तरी चाल अशीच बिघडते आणि त्याला ऑपरेशन लागू शकते. म्हणून होमोसिस्टीन, मिथाइलमलोनिक ॲसिड (बी-१२ खरोखर कमी पडले की रक्तात ही दोन्ही वाढतात) आणि एमआरआय, अशा तपासण्या लिहून दिल्या. रक्त दिल्यावर त्याच दिवशी बी-१२ ची इंजेक्शने सुरूही केली. चिठ्ठीवर स्पष्ट होते : सर्व्हायकल आणि डॉर्सल स्पाइन. म्हणजे मान आणि पाठ.

तुमच्या काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी हातात घेतली, पण विचारले बाबांना. "काका, काय होतंय?" बाबा म्हणाले, "पाय बधिर झालेत." तिने एलएस स्पाइन टाकले. बिलावर मी सही केली हे मला मान्य आहे. एलएस म्हणजे कंबर, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ते ठाऊक असण्याचे ६,८०० रुपये तुम्ही घेता.

अहवालाची पहिली ओळ बघा : "तक्रार : कंबरदुखी." बाबांची कंबर आयुष्यात कधी दुखलेली नाही. हे त्यांना कुणी विचारले, कुणी लिहिले? पुढे चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी थोडी सरकल्याचे लिहिले आहे. या वयात ती निम्म्या पुण्याची सरकलेली निघेल. आणि शेवटी : "दिसणारा मज्जारज्जू नॉर्मल." या वाक्यातला "दिसणारा" हा शब्द आम्ही कुणी वाचलाच नाही.

बाबांनी मात्र "नॉर्मल" वाचले. गादी सरकली असेल तर इंजेक्शने कशाला, म्हणून तीन घेऊन बंद केली. कमरेला पट्टा आला, ट्रॅक्शन सुरू झाले. माझ्याही मनावरचे ओझे उतरले होते, खोटे कशाला बोलू.

एकोणिसाव्या दिवशी न्यूरोलॉजिस्टनी फिल्म उजेडाकडे धरली आणि विचारले, "हा कुणी काढायला सांगितला?" मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्याखाली नुसता नसांचा झुबका असतो. म्हणजे तुमच्या फिल्ममध्ये त्याचे फक्त शेपूट आले होते.

दुसरीकडे ११,५०० रुपये भरून मानेचा आणि पाठीचा एमआरआय काढला. दाब नाही, पण मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला पांढरी रेघ, आडव्या छेदात उलट्या व्ही अक्षरासारखी. मला, डॉक्टर नसलेल्या बाईला, बोट ठेवल्यावर लगेच दिसली. होमोसिस्टीन वाढलेले आले, मिथाइलमलोनिक ॲसिडही. म्हणजे बिघाड बी-१२ च्या कमतरतेचाच. इंजेक्शने पुन्हा सुरू झाली आहेत. या आजारात गेलेले किती परत येईल, हे उपचार किती लवकर सुरू झाले त्यावर ठरते. मधल्या खंडाने बाबांचे काय आणि किती नेले, ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. सध्या ते घरात भिंतीला हात लावून चालतात.

शाखेत गेले तेव्हा उत्तर मिळाले, "मॅडम, रिपोर्ट बरोबरच आहे." बरोबर आहे, पण न सांगितलेल्या भागाचा! वर फोनवर पुढच्या तपासणीला २० टक्के सवलत देऊ केलीत.

मला ६,८०० रुपये पूर्ण परत हवेत. चिठ्ठीवरचा भाग आणि काढलेला भाग वेगळा होता, अशी दुरुस्ती तुमच्या रेडिओलॉजिस्टच्या सहीने अहवालावर हवी. पुढचा डॉक्टर तोच कागद वाचणार आहे. आणि मशीन सुरू करण्याआधी मूळ चिठ्ठी कोण वाचतो, त्या माणसाचे पद मला लेखी कळवा. कुणीच वाचत नसेल तर तसे कळवा.

चिठ्ठी, बिल आणि दोन्ही अहवालांच्या प्रती जोडल्या आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. काउंटरवरच्या मुलीला कामावरून काढून हे प्रकरण मिटवू नका. तिला चिठ्ठी वाचायला कुणी शिकवले नव्हते.

सवलतीचे कूपन सोबत परत पाठवत आहे.

आपली,
रुग्णाची मुलगी
सदाशिव पेठ, पुणे