वाफेच्या पेटीला भोक हवेच

संपादक महोदय,

लाकूड वाकवण्यासाठी वाफेची पेटी बनवणाऱ्यांना कळकळीची विनंती: ती हवाबंद करू नका. प्रेशर कुकरला शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, म्हणून आतले तापमान १२० अंशांच्या आसपास गेले तरी तो टिकतो. फळ्यांच्या पेटीत दाब साठला तर ती फुटते, अंग भाजते. लाकडाला १०० अंशांची वाफ पुरते. खालच्या टोकाला भोक ठेवून पेटी किंचित उतरती ठेवा, पाणी निथळेल. जाडीच्या दर इंचाला साधारण तासभर वाफ द्या आणि बाहेर काढताच, सेकंदांत, साच्यावर वाकवा. वाकाच्या बाहेरच्या, ताणल्या जाणाऱ्या बाजूने पोलादी पट्टी लावाच: वाफाळलेले लाकूड दबते, पण फारसे ताणले जात नाही, म्हणून तिथेच तडकते. भट्टीत वाळवलेले लाकूड तर बऱ्याचदा दगा देते.

– एक वाचक