लोड बॅलन्सर बसवल्यापासून सगळ्या गिऱ्हाइकांचा आयपी एकच, तक्रार चौथ्यांदा

प्रति,
सपोर्ट विभाग

नमस्कार,

इतवारीत आमचं संत्रा बर्फीचं दुकान आहे अन् त्याची वेबसाइट तीन वर्षांपासून तुमच्याच सर्व्हरवर आहे. आधीची तीन तिकिटं तुम्ही "कॅशे क्लिअर करा" म्हणून बंद केली, आता चौथ्यांदा लिहून राहिलो, या वेळी पूर्ण वाचा बापा.

गेल्या महिन्यात रात्रीच्या मेंटेनन्समध्ये तुम्ही आमच्या सर्व्हरसमोर लोड बॅलन्सर, म्हणजे येणारी गर्दी वाटून पुढे पाठवणारं मशीन, आणून बसवला. मेलमध्ये काय, तर "तुम्हाला काही करायची गरज नाही". दुसऱ्या दिवसापासून एनजिनएक्स या आमच्या वेब सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये, म्हणजे कोण कुठून आलं त्या नोंदीत, वर्धेचं गिऱ्हाईक, पुण्याचं, दुबईतले आमचे जावई, सगळे एकतर १०.०.४.१२ नाहीतर १०.०.४.१३, म्हणजे तुमच्या बॅलन्सरचेच पत्ते. दहानं सुरू होणारा आयपी खाजगी नेटवर्कचा असते, बाहेरून कोणी त्या पत्त्यावरून येऊच शकत नाही, अन् तुमचा माणूस फोनवर मला म्हणे साइटवर व्हायरस असंल.

नुसता लॉग बिघडला असता तर मी एवढा चिडलो नसतो. पण आम्ही फेल-टू-बॅन लावलंय, पाच वेळा पासवर्ड चुकला की तो आयपी ब्लॉक. शनिवारी दुपारी कोण्या गिऱ्हाइकानं पाच वेळा पासवर्ड चुकवला अन् ब्लॉक झाला तुमचा १२ नंबरवाला. म्हणजे १३ वरून येणाऱ्यांना साइट उघडे, बाकीच्यांना ५०३ एरर, अन् माझ्या मोबाइलवर नेमकी उघडत होती म्हणून मी दोन तास फोनवर लोकांना "तुमचंच नेट स्लो असंल" सांगत बसलो, ऐन दिवाळीच्या ऑर्डरी सुरू असताना!

शेवटी मीच शोधलं. लॉग फॉरमॅटमध्ये एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर (विनंतीसोबत येणारी, मूळ आयपी सांगणारी ओळ) छापायला लावलं, वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून साइट उघडली, तर माझा खरा आयपी त्या हेडरमध्ये बसलेला. म्हणजे तुमचा बॅलन्सर पाठवतो बरोबर, फक्त कोणत्या पत्त्यावरून आलेलं हेडर खरं मानायचं हे एनजिनएक्सच्या रिअल आयपी मॉड्यूलमध्ये लिहावं लागते. त्यासाठी तुमच्या सगळ्या बॅलन्सरचे पत्ते पाहिजेत. ते मागितले तर उत्तर आलं, ०.०.०.०/० टाका अन् रिकर्सिव्ह ऑन करा.

म्हणजे अख्ख्या जगावर विश्वास ठेवा! मी टेस्टिंगवर तसं करून पाहिलं. घरून कर्ल या कमांडनं हेडरमध्ये १.२.३.४ लिहून पाठवलं, लॉगमध्ये छापून आलं १.२.३.४. असं ठेवलं तर पासवर्ड फोडणारा दरवेळी नवा खोटा आयपी सांगंल अन् फेल-टू-बॅन त्याच्या मागं फिरत बसंल. हा सल्ला देणाऱ्यानं स्वतः एकदा तरी करून पाहिला का?

सध्या मी १२ अन् १३ हे दोनच पत्ते टाकून काम चालवतोय, लॉग ठीक आहे. उद्या तुम्ही गुपचूप १४ नंबर जोडला की परत तेच. मधल्या नऊ दिवसांचा लॉग तर गेलाच, हेडर तेव्हा लिहिलंच जात नव्हतं, अन् त्यातच दोन खोट्या कॅश ऑन डिलिव्हरी ऑर्डरी आल्या, त्या कुठून आल्या ते आता कसं सांगू?

मला बॅलन्सरच्या पत्त्यांची पूर्ण यादी मेलवर पाहिजे, बदल करायच्या निदान आठवडाभर आधी कळवा, अन् या महिन्याचं बिल माफ करा. अन् कॅशे क्लिअर केलाय, परत विचारू नका.

आपला,
एक वैतागलेला ग्राहक, नागपूर